पिल्लू किनाऱ्यावर, अन्न समुद्रात : दक्षिण जॉर्जियातील फर सील मातेचा अन्नशोध

प्रस्तावना :

सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीत काही कुळे जमिनीवरून पुन्हा समुद्राकडे वळली. देवमासे व डॉल्फिन यांनी जमिनीशी असलेला संबंध पूर्णपणे तोडला. त्यांची पिल्ले पाण्यातच जन्मतात आणि पाण्यातच दूध पितात. सील या प्राण्याच्या बाबतीत मात्र हे स्थित्यंतर अर्धवट राहिले. सील आपले अन्न समुद्रात मिळवतो. परंतु त्याच्या पिल्लाचा जन्म किनाऱ्यावर किंवा बर्फावर होतो आणि दूध पिण्याच्या काळात बहुतेक जातींचे पिल्लू तेथेच राहते. त्यामुळे प्रत्येक सील मातेपुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. पिल्लाजवळ थांबावे तर अन्न मिळत नाही आणि अन्नासाठी समुद्रात जावे तर पिल्लू उपाशी राहते.

हा प्रश्न सील माता कशा प्रकारे सोडवतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी दक्षिण अटलांटिक महासागरातील दक्षिण जॉर्जिया या बेटसमूहावरील अंटार्क्टिक फर सील ही जाती प्रमुख उदाहरण म्हणून घेतली आहे. या मातेची समुद्रावरील फेरी किती दिवसांची होते यावर तिच्या पिल्लाचे जगणे अवलंबून असते. तसेच त्या फेरीच्या लांबीवरून समुद्रातील अन्नसाठ्याचीही परीक्षा होते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

१. दोन कुळे, दोन रीती :

सीलांचे दोन मोठे गट मानले जातात. पहिला गट खऱ्या सीलांचा होय. त्यांना बाह्यकर्ण नसतात व जमिनीवर ते पोटावर सरपटत चालतात. दुसरा गट कानवाल्या सीलांचा असून त्यात फर सील व सी-लायन यांचा समावेश होतो. ते चारही वल्ह्यासारख्या पायांचा आधार घेऊन जमिनीवर चालू शकतात. या दोन गटांतील मातांची पिल्लू पोसण्याची रीत स्थूलमानाने भिन्न आहे.

खऱ्या सीलांच्या अनेक जातींमध्ये माता प्रसूतीपूर्वी समुद्रात भरपूर अन्न खाऊन त्वचेखाली चरबीचा जाड थर साठवते. पिल्लू जन्मल्यानंतर ती अन्न न घेता या साठ्यातूनच दूध निर्माण करते. उत्तर अटलांटिकमधील हूडेड सील हे याचे टोकाचे उदाहरण आहे. ही माता पिल्लाला केवळ चार दिवस दूध पाजते. तिच्या दुधात सुमारे ६० टक्के स्निग्धांश असतो आणि एवढ्या अल्प काळात पिल्लाचे वजन जवळजवळ दुप्पट होते. उत्तरेकडील एलिफंट सीलची माता सुमारे चार आठवडे किनाऱ्यावर उपाशी राहून पिल्लाला पाजते आणि या काळात तिचे स्वतःचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी घटते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे झाल्यास या माता साठवलेल्या भांडवलावर संसार चालवतात.

फर सील मातेला हा मार्ग उपलब्ध नसतो. तिचे शरीर लहान असते व चरबीचा थर त्या मानाने पातळ असतो. महिनोन्‌महिने पुरेल एवढा साठा तिला करता येत नाही. म्हणून ती काही दिवस समुद्रात जाऊन खाते, परत येऊन एक-दोन दिवस पिल्लाला पाजते आणि पुन्हा समुद्रात जाते. भांडवल हाताशी नसलेले कुटुंब जसे रोजच्या मिळकतीवर चालते, तशीच ही रीत आहे. जीवशास्त्रात या दोन रीतींना अनुक्रमे ‘संचिताधारित’ व ‘मिळकताधारित’ प्रजनन असे म्हणता येईल.

या दोन रीतींमधील सीमारेषा मात्र अगदी काटेकोर नाही. हार्बर सील ही खऱ्या सीलांपैकी लहान आकाराची जाती होय. कॅनडाच्या किनाऱ्याजवळील सेबल बेटावर डॅरिल बोनेस, डॉन बोवेन व ओलाव ऑफ्टेडल यांनी या जातीचा अभ्यास केला. पिल्लाला पाजण्याच्या सुमारे चोवीस दिवसांच्या काळात, पहिला काही काळ उलटल्यावर माता काही तासांसाठी समुद्रात जाऊन अन्न मिळवू लागतात, असे त्यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. यावरून कुळापेक्षा शरीराचा आकार व साठवणुकीची क्षमता यांचा प्रभाव अधिक असावा, असे दिसते.

२. दक्षिण जॉर्जियातील प्रजननाचा हंगाम :

अंटार्क्टिक फर सीलांपैकी फार मोठा भाग दक्षिण जॉर्जियाच्या किनाऱ्यांवर प्रजनन करतो. कॅप्टन जेम्स कुक १७७५ मध्ये या बेटावर उतरला. त्याच्या वृत्तांतातून येथील सीलांची माहिती युरोपात पोहोचली आणि कातड्यासाठी शिकारी जहाजे येऊ लागली. एकोणिसाव्या शतकात ही जाती नामशेष होण्याच्या टोकाशी आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेटसमूहाच्या वायव्य टोकावरील बर्ड बेटाच्या परिसरात शिल्लक राहिलेले मोजके सील आढळले व तेथून त्यांची संख्या पुन्हा वाढत गेली. या बेटावर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संस्थेचे संशोधन केंद्र असून तेथील फर सीलांची पद्धतशीर नोंद १९८० च्या दशकाच्या आरंभापासून अखंड ठेवली गेली आहे. प्रस्तुत विषयावरील बरीचशी माहिती या नोंदींतून मिळाली आहे.

दक्षिण गोलार्धातील उन्हाळा सुरू होताच, नोव्हेंबरच्या अखेरीस व डिसेंबरमध्ये गाभण माद्या किनाऱ्यावर येतात. आल्यानंतर एक-दोन दिवसांतच त्यांची प्रसूती होते. नवजात पिल्लाचे वजन पाच ते सहा किलोग्रॅम असते, तर मातेचे वजन साधारणतः ३० ते ५० किलोग्रॅमच्या दरम्यान असते. पहिला सुमारे आठवडाभर माता पिल्लाजवळच राहते. या आठवड्याच्या अखेरीस तिचा नराशी समागम होतो आणि त्यानंतर ती पहिल्या फेरीसाठी समुद्राकडे निघते. म्हणजे किनाऱ्यावरील पिल्लाचे पोषण आणि पुढील हंगामातील पिल्लाची तयारी या दोन्ही जबाबदाऱ्या ती एकाच वेळी वाहत असते. फलित अंड्याचे गर्भाशयात रुजणे काही महिने लांबणीवर पडते. त्यामुळे स्तन्यकालात गर्भाच्या वाढीचा भार तिच्यावर जवळजवळ येत नाही.

स्तन्यकाल सुमारे चार महिन्यांचा असतो. मार्च अखेर ते एप्रिलपर्यंत पिल्लू सुटे होते. तोपर्यंत माता साधारणपणे पंधरा ते वीस फेऱ्या करते.

३. समुद्रावरील फेरी :

सील पाण्याखाली काय करतो हे किनाऱ्यावरून दिसत नाही. ही अडचण दूर करण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकन शास्त्रज्ञ जेराल्ड कूयमन यांच्याकडे जाते. त्यांनी १९६० च्या दशकात अंटार्क्टिकातील वेडेल सीलांवर खोली व वेळ नोंदवणारे उपकरण बसवून सुरुवात केली. पुढे उपकरणे लहान होत गेली व फर सीलांवरही ती बसवता आली. रॉजर जेंट्री व कूयमन यांनी संपादित केलेला, फर सील मातांच्या जमिनीवरील व समुद्रातील वर्तनाची तुलना करणारा ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. हा ग्रंथ या अभ्यासशाखेचा पाया मानला जातो. पुढील काळात उपग्रहाद्वारे स्थान कळवणारी यंत्रे व लहान कॅमेरे यांची त्यात भर पडली.

दक्षिण जॉर्जियातील मातेचे प्रमुख खाद्य म्हणजे क्रिल होय. क्रिल हा कोळंबीसारखा दिसणारा, जास्तीत जास्त सहा सेंटिमीटर लांबीचा कवचधारी जीव असून तो प्रचंड मोठ्या थव्यांनी राहतो. दिवसा हे थवे बहुधा खोल पाण्यात असतात आणि रात्री पृष्ठभागाकडे येतात. जॉन क्रॉक्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मातांच्या बुड्यांची नोंद आणि क्रिलच्या खोलीची नोंद यांची सांगड घातली. सुमारे तीन-चतुर्थांश बुड्या रात्रीच्या असल्याचे त्यात आढळले. रात्रीच्या बुड्या बहुतांशी ३० मीटरपेक्षा कमी खोलीच्या होत्या, तर दिवसाच्या बुड्या मुख्यतः ४० ते ७५ मीटरपर्यंत जात होत्या.

यामागील हिशेब सोपा आहे. फर सील श्वास रोखून जेवढा वेळ पाण्याखाली राहतो, तो बहुधा एक-दोन मिनिटांचाच असतो. खाद्य जितके खोल, तितका या अल्प वेळेतील मोठा भाग जाण्यायेण्यात खर्च होतो. खाद्य वर आलेले असताना बुडी मारल्यास तोच वेळ खाण्यासाठी मिळतो. म्हणून रात्र हा तिचा कामाचा प्रहर ठरतो. क्रिल विपुल असल्यास ती तीन-चार दिवसांत परतते. क्रिलचे थवे विरळ किंवा दूर असल्यास फेरी आठवडाभर वा त्याहून अधिक लांबते. क्रिल पुरेसे न मिळाल्यास ती माशांकडेही वळते.

४. अन्नाचा माग कसा लागतो?

विस्तीर्ण समुद्रात खाद्याचा थवा नेमका कोठे आहे, हे मातेला कसे समजते? याचे उत्तर दोन पातळ्यांवर द्यावे लागते.

पहिली पातळी स्थानाची आहे. क्रिल समुद्रात सर्वत्र सारखे पसरलेले नसते. दक्षिण जॉर्जियाभोवती उथळ समुद्रतळाची जी कड आहे, तिच्याजवळ प्रवाहांमुळे खाद्य एकवटते. माता बहुधा अशा कडेकडे व तिच्या पलीकडे जातात. एका यशस्वी फेरीनंतर पुढील फेरीसाठी ती त्याच दिशेने जाण्याची शक्यता असते. याचा अर्थ अनुभव व स्मरण हे तिच्या अन्नशोधाचे एक साधन आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दक्षिण जॉर्जियाच्या पाण्यातील क्रिल मुख्यतः तेथे निपजत नाही. ते दक्षिणेकडील अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या व स्कोशिया समुद्राच्या बाजूने प्रवाहांबरोबर वाहत येते. म्हणून या मातेच्या अन्नाचे भवितव्य शेकडो किलोमीटर दूरच्या समुद्रात ठरते.

दुसरी पातळी ज्ञानेंद्रियांची आहे. सीलांचे डोळे मोठे असून अंधुक प्रकाशात पाहण्यास अनुकूल असतात. त्यांच्या मिशा हे त्याहूनही विलक्षण इंद्रिय आहे. मासा पोहत गेल्यावर पाण्यात काही काळ सूक्ष्म भोवरे राहतात. डोळे झाकलेला हार्बर सील केवळ मिशांच्या साहाय्याने असा माग काढू शकतो, हे जर्मनीतील गुइडो डेनहार्ट व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. एलिफंट सीलच्या गालावर लहान कॅमेरा बसवून तायकी अदाची व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. काळोख्या खोल समुद्रात सील मिशा पुढे पसरून भक्ष्याचा वेध घेतो, हे त्यातून दिसले. घ्राणेंद्रियाचाही वाटा असू शकतो. सूक्ष्म वनस्पतींवर इतर जीव चरू लागले की पाण्यातून डायमिथिल सल्फाइड हा वायू हवेत जातो. हार्बर सीलला त्याचा अत्यल्प अंशही ओळखता येतो, असे २००६ मधील एका प्रयोगात आढळले.

५. मागे राहिलेले पिल्लू :

माता समुद्रात असताना पिल्लू उपाशी असते. हा उपवास सोसता यावा यासाठी निसर्गाने काही व्यवस्था केल्या आहेत. पहिली व्यवस्था दुधाची. अंटार्क्टिक फर सीलच्या दुधात सुमारे ४० टक्के स्निग्धांश असतो. गाईच्या दुधात तो सुमारे ४ टक्के व म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के असतो, हे लक्षात घेतल्यास या दुधाच्या घनतेची कल्पना येते. एक-दोन दिवसांत प्यालेल्या दुधावर पिल्लाला पुढचे अनेक दिवस काढावे लागतात.

दुसरी व्यवस्था मातेच्या स्तनग्रंथींची. बहुतेक सस्तन प्राण्यांत काही दिवस दूध पाजले गेले नाही, तर ग्रंथी आटू लागतात. फर सील मातेच्या बाबतीत असे झाले असते, तर पहिल्याच लांब फेरीनंतर पिल्लू दुधाला मुकले असते. प्रत्यक्षात तिच्या दुधात दुग्धशर्करा जवळजवळ नसते. ही शर्करा निर्माण करण्यासाठी आवश्यक असणारे अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे प्रथिन तिच्या शरीरात कार्यक्षम नसते. हेच प्रथिन ग्रंथी आटवण्याच्या प्रक्रियेशीही संबंधित असल्याचे केप फर सीलवरील संशोधनातून पुढे आले आहे. त्यामुळे माता अनेक दिवसांनी परतली तरी पुन्हा दूध देऊ शकते.

तिसरी व्यवस्था ओळखीची. शेकडो पिल्लांच्या गर्दीत माता आपल्याच पिल्लाला पाजते. परक्या पिल्लाला ती जवळ येऊ देत नाही. दक्षिण हिंद महासागरातील अ‍ॅमस्टरडॅम बेटावर इझाबेल शारिए व सहकाऱ्यांनी उपअंटार्क्टिक फर सीलांचा अभ्यास केला. पिल्लू जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत मातेचा आवाज ओळखू लागते आणि ही ओळख पक्की झाल्यानंतरच माता पहिल्या फेरीला निघते, असा त्यांचा २००१ मधील निष्कर्ष आहे. या बेटावरील मातांच्या फेऱ्या सर्व कानवाल्या सीलांत सर्वाधिक लांब आहेत. हिवाळ्यात त्या दोन-तीन आठवड्यांपर्यंत जातात. मात्र तेथे स्तन्यकालही सुमारे दहा महिन्यांचा असतो. अंटार्क्टिक फर सीलला अशी सवलत नाही. चार महिन्यांच्या आत पिल्लाला स्वतंत्र होण्याइतके वाढवावे लागते. त्यामुळे प्रत्येक वाया गेलेल्या दिवसाची किंमत अधिक असते.

६. फेरी लांबते तेव्हा :

या किमतीचा पुरावा बर्ड बेटावरील एका तुलनेतून मिळाला. डॅनियल कोस्टा, क्रॉक्सॉल व कॅलन डक यांनी १९८४ व १९८५ या लागोपाठच्या दोन हंगामांतील मातांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. १९८४ मध्ये क्रिलचा तुटवडा होता, १९८५ मध्ये स्थिती सामान्य होती. तुटवड्याच्या वर्षी मातांच्या फेऱ्या जवळजवळ दुप्पट लांबल्या. परंतु समुद्रात असताना ऊर्जा खर्च करण्याचा त्यांचा वेग दोन्ही वर्षी सारखाच होता.

हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. माता सामान्य वर्षातही जवळजवळ पूर्ण क्षमतेने काम करीत असतात, म्हणून कठीण वर्षी कामाचा वेग वाढवण्यास वाव उरत नाही. त्या फक्त वेळ वाढवू शकतात आणि हा वाढीव वेळ पिल्लाच्या वाट्यातून जातो. १९८४ मध्ये पिल्लांची वाढ मंदावली व मृत्यूचे प्रमाण वाढले. पिल्लू दगावले तर त्याचे कारण मातेच्या दुर्लक्षात शोधणे चुकीचे ठरते. ती परतली, पण उशिरा परतली. समुद्राने तिला लवकर परतू दिले नाही, हे खरे कारण आहे.

मातेच्या अनुपस्थितीत पिल्लाला भुकेशिवाय इतर धोकेही असतात. दक्षिण शेटलंड बेटांवरील केप शिरेफ येथे लेपर्ड सील किनाऱ्याजवळील पिल्लांची मोठ्या प्रमाणावर शिकार करतात. तेथे २००७ नंतरच्या सुमारे दीड दशकात पिल्लांची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली असून ही शिकार त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते.

७. मातेच्या फेरीवरून समुद्राची परीक्षा :

अंटार्क्टिक सागरी सजीव संपत्तीच्या संरक्षणासाठीचा आंतरराष्ट्रीय करार १९८० मध्ये झाला व १९८२ मध्ये अमलात आला. त्याखालील आयोगाने १९८९ मध्ये परिसंस्था-निरीक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. फर सील मातांच्या फेऱ्यांचा कालावधी आणि पिल्लांच्या वाढीचा वेग ही त्या कार्यक्रमातील ठरलेली मापे आहेत. समुद्रातील क्रिल मोजण्यासाठी जहाजे लागतात व ती वर्षभर सर्वत्र फिरू शकत नाहीत. माता मात्र दर हंगामात त्याच समुद्रात जाऊन येतात. त्यांच्या जाण्यायेण्याची किनाऱ्यावर ठेवलेली साधी नोंद अन्नसाठ्याविषयी पुष्कळ काही सांगते.

या नोंदी अलीकडे चिंताजनक ठरल्या आहेत. हाउमे फोर्काडा व जोसेफ हॉफमन यांनी २०१४ मध्ये बर्ड बेटावरील तीन दशकांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हवामानबदलाबरोबर क्रिलची उपलब्धता घटत असून पिल्ले जन्मतः कमी वजनाची होत आहेत व प्रजननक्षम माद्यांची संख्या कमी होत आहे, असे त्यात दिसून आले. फोर्काडा व सहकाऱ्यांच्या २०२३ मधील अभ्यासानुसार दक्षिण जॉर्जियातील फर सीलांची संख्या २००९ च्या सुमारास ३५ लाखांच्या शिखरावर पोहोचली आणि त्यानंतर घसरणीला लागली. शिकारीतून सावरलेली जाती आता वेगळ्या कारणाने क्षीण होत आहे. समुद्राचे तापमान, दक्षिणेकडे सरकत चाललेले क्रिल आणि पुन्हा वाढू लागलेल्या देवमाशांशी असलेली स्पर्धा अशी अनेक कारणे येथे एकत्र येतात.

क्रिलची मासेमारी हा यातील मानवाच्या हाती असलेला घटक आहे. दक्षिण जॉर्जियाभोवती २०१२ मध्ये सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर झाले. तेथे उन्हाळ्यातील प्रजननकाळात क्रिल पकडण्यास मनाई आहे. दक्षिण-पश्चिम अटलांटिकच्या व्यापक क्षेत्रात वार्षिक पकडीला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे. ही पकड उपक्षेत्रांमध्ये विभागून देणारा नियम २०२४ मध्ये संपुष्टात आला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. २०२५ च्या हंगामात ही मर्यादा ऑगस्टच्या आरंभीच गाठली गेल्याने मासेमारी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. एकूण मर्यादा पाळली गेली तरी ती पकड एखाद्या लहान भागात एकवटली, तर तेथील भक्षक प्राण्यांना झळ पोहोचू शकते. दूध पाजणारी माता पिल्लाला सोडून दूर जाऊ शकत नसल्यामुळे तिच्या दृष्टीने ‘एकूण साठा’ किती यापेक्षा ‘आवाक्यातील साठा’ किती हा प्रश्न निर्णायक असतो.

भारताच्या किनाऱ्यावर सीलांची वसाहत नाही. तथापि १९८६ पासून भारत या आयोगाचा सदस्य आहे आणि देशाचे अंटार्क्टिक संशोधन गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत चालते. त्यामुळे क्रिलविषयक निर्णयांत भारताचाही वाटा आहे.

निष्कर्ष :

१. सील मातांच्या पिल्लू पोसण्याच्या रीती शरीराच्या साठवणक्षमतेशी निगडित आहेत. मोठ्या शरीराच्या माता संचितावर, तर लहान शरीराच्या माता मुख्यतः चालू मिळकतीवर पिल्लू वाढवतात.

२. अंटार्क्टिक फर सील माता रात्री वर येणाऱ्या क्रिलचा लाभ घेते. स्थानाचे स्मरण व तीक्ष्ण ज्ञानेंद्रिये ही तिच्या अन्नशोधाची साधने आहेत.

३. स्निग्ध दूध, न आटणाऱ्या स्तनग्रंथी आणि आवाजाची ओळख यांमुळे माता व पिल्लू यांना काही दिवसांचा विरह सोसता येतो. परंतु या सोसण्याला मर्यादा आहे.

४. अन्न दुर्मीळ झाल्यास माता फक्त वेळ वाढवू शकते आणि त्याची किंमत पिल्लू मोजते. म्हणूनच तिच्या फेरीचा कालावधी हे समुद्राच्या स्थितीचे विश्वसनीय माप ठरते.

५. क्रिल मासेमारीचे नियम ठरवताना एकूण साठ्याबरोबरच स्तन्यकालातील मातांच्या आवाक्यातील साठा विचारात घेणे आवश्यक आहे. ते न झाल्यास एकदा शिकारीतून वाचलेली ही जाती दुसऱ्यांदा संकटात सापडण्याची शक्यता नाकारता येत नाही.